भाऊ टँकरवर आहे, होर्मुझच्या तोंडाशी. घरच्यांनी काय करायचं?

वेळणेश्वरची_ताई | 18 जून 2025, रात्री 10:40

माझा धाकटा भाऊ टँकरवर ओएस (डेकवरचा साधा खलाशी) आहे. पहिलंच कॉन्ट्रॅक्ट. बोट मार्शल आयलंड्सच्या झेंड्याची, मालक ग्रीक, कॅप्टन युक्रेनचा, क्रू निम्मा आपला आणि निम्मा फिलिपिनो. शुक्रवारी 13 तारखेला इस्रायलने इराणवर हल्ला केला तेव्हा त्यांची बोट यूएईतल्या फुजैरा बंदराबाहेर नांगरावर होती. होर्मुझच्या सामुद्रधुनीतून आत आखातात शिरायचं आणि सौदीच्या रास तनुराला क्रूड भरायचं, असं ठरलेलं. आत जायचं की नाही ते वरून कळलेलं नाही, असं तो रविवारी फोनवर म्हणाला. त्यानंतर फोन नाही. एकदा फक्त 'ठीक आहे' असा मेसेज आला.

इकडे पाऊस धो धो लागलाय. लाइट गेली की थोड्या वेळाने टॉवरही बंद पडतो. तेवढ्यात त्याचा फोन येऊन गेला तर, म्हणून आई मोबाइल घेऊन ओटीवरून हलत नाही. काल तर तिची गाळणच उडाली. बोटी कुठे आहेत ते दाखवणारं ॲप मीच तिला घालून दिलं होतं. त्यात भावाची बोट इराणच्या जमिनीवर दिसायला लागली. किनाऱ्याला लागून नव्हे, चांगली आत, डोंगरात. आईने धरूनच चाललं की बोट पकडून नेली. त्यात गावच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं की भारतीय खलाशांना ओलीस धरतायत. संध्याकाळपर्यंत अर्धी वाडी चौकशीला येऊन गेली.

बोट परक्या देशाच्या झेंड्याची असेल आणि तिला काही झालं, तर आपलं सरकार भावासाठी बोलू शकतं का? की मार्शल आयलंड्सकडे दाद मागायची? त्याला आत जायचं नसेल तर तो नाही म्हणू शकतो का? म्हटलं तर पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळेल का? एजन्सीत फोन केला तर 'सब ठीक है' म्हणतात आणि ठेवून देतात. घरी बसून आम्ही नेमकं काय करायचं, कुणीतरी सांगा.

सारंग_दाभोळ | 19 जून, सकाळी 6:15

बाय, सगळ्यात आधी ते ॲप आईच्या मोबाइलमधून काढून टाक.

बोट डोंगरात चढलेली नाही. ड्रोन आणि क्षेपणास्त्रं भरकटावीत म्हणून लढणारे देश जीपीएसचे सिग्नल बिघडवतात, खोटे सिग्नल सोडतात. बोटीवरचं एआयएस नावाचं यंत्र आपली जागा जीपीएसवरून घेतं आणि तीच सगळ्यांना कळवतं. जीपीएसच फसलं की एआयएस खोटी जागा सांगणार. या आठवड्यात आखातात शेकडो बोटींचं असं झालंय. ब्रिजवरच्या, म्हणजे जिथून बोट चालवतात तिथल्या, माणसांना आपण कुठे आहोत ते पक्कं माहीत असतं, रडार आहे, किनारा डोळ्यांना दिसतो. पण दाटीच्या पाण्यात हे काम अवघड होतं. परवाच, 17 तारखेला, यूएईच्या किनाऱ्यापासून 24 सागरी मैलांवर 'फ्रंट ईगल' आणि 'अडालिन' हे दोन टँकर एकमेकांवर आदळले आणि पेटले. अडालिनवरच्या 24 जणांना यूएईच्या तटरक्षकांनी सुखरूप उतरवलं. तिथे कुणी हल्ला केलेला नव्हता. मला विचारशील तर आज पकडापकडीपेक्षा टकरीची भीती जास्त आहे. भावाशी बोलणं झालं तर त्याला एवढंच सांग: लुकआउटला उभा असशील तेव्हा मोबाइल खिशात नको, डोळे समुद्रावर.

मी 1987 साली याच पाण्यात होतो, तुझ्या भावासारखाच ओएस. इराण आणि इराकचं युद्ध चालू होतं आणि दोघंही टँकर फोडत होते. त्या आठ वर्षांत चारशेहून जास्त खलाशी गेले. आमच्या बोटीच्या पोर्टहोलना आतून काळा रंग फासलेला, रात्री डेकवर एक दिवा नाही, ब्रिजच्या दोन्ही अंगांना वाळूची पोती. होर्मुझ जवळ आलं की व्हीएचएफ रेडिओच्या 16 नंबर चॅनेलवर इराणी नौदलाचा आवाज यायचा. बोटीचं नाव काय, झेंडा कोणता, शेवटचं बंदर कोणतं, माल काय, जाणार कुठे. आवाज शांत असायचा, शाळेत हजेरी घेतात तसा. कॅप्टन एकेक उत्तर द्यायचा. मी सुकाणूवर. हात घामाने ओले, पण कोर्स एक अंशही हलू द्यायचा नाही. सगळी उत्तरं पटली की पलीकडून 'गुड वॉच' ऐकू यायचं आणि सेकंड मेट चहा मागवायचा. तेव्हा घरी काही म्हणजे काही कळत नसे. बातमी रेडिओवर, आणि पत्र महिन्याने.

आता तुझा मुख्य प्रश्न. बोटीसाठी झेंड्याचा देश बोलतो. माणसासाठी मात्र तो देश बोलतो, ज्याचा पासपोर्ट त्याच्या खिशात आहे. 1963 चा व्हिएन्ना करार आहे, त्याच्या 36 व्या कलमात हे लिहिलंय: परक्या देशाने आपला माणूस अडकवला तर आपल्या वकिलातीच्या लोकांना त्याला भेटायचा, त्याच्याशी बोलायचा हक्क आहे. मार्शल आयलंड्सकडे तुला जायला नको. आणि आपलं कॉन्सुलेट बंदर अब्बासलाच आहे, होर्मुझच्या काठावर. तेहरानहून माणूस पाठवायची वाट बघावी लागत नाही.

हे कागदावरचं झालं. घडतं कसं तेही सांगतो. 2019 चा जुलै. 4 तारखेला ब्रिटिशांनी जिब्राल्टरला 'ग्रेस वन' हा इराणी तेलाने भरलेला टँकर धरला, त्यावर 24 भारतीय. 19 तारखेला इराणने होर्मुझमध्ये 'स्टेना इम्पेरो' हा ब्रिटिश झेंड्याचा टँकर धरला, त्यावर 23 जणांत 18 भारतीय. भांडण लंडन आणि तेहरानचं, आणि दोन्ही बोटींवर पोरं आपली! आपल्या लोकांनी दोन्हीकडे जाऊन खलाशांच्या भेटी घेतल्या. जिब्राल्टरची बोट ऑगस्टमध्ये सुटली. स्टेनावरच्या सात जणांना इराणने सप्टेंबरच्या सुरुवातीला आधी सोडलं, त्यात पाच आपले, आणि बोट 27 सप्टेंबरला बंदर अब्बासहून निघाली. गेल्या वर्षी, 13 एप्रिल 2024 ला, 'एमएससी एरीज'वर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरले. झेंडा पोर्तुगालचा, 25 जणांत 17 भारतीय. दुसऱ्याच दिवशी जयशंकरांनी इराणच्या परराष्ट्रमंत्र्यांना फोन केला. 18 एप्रिलला त्या बोटीवरची केरळची कॅडेट मुलगी घरी पोचली, 9 मे रोजी आणखी पाच जण सुटले. बोट तिथेच होती, माणसं निघाली.

टीव्हीवर रोज वाद चाललाय की भारताने इस्रायलच्या बाजूने बोलावं की इराणच्या. खलाशाच्या घरात बसून बघितलं तर मला एकच दिसतं. आपला फोन तेल अवीवमध्येही उचलला जातो आणि तेहरानमध्येही उचलला जातो, म्हणून पोरं घरी येतात. अमेरिकेची तेहरानमध्ये 1980 पासून वकिलात नाही, त्यांचं तिथलं काम स्वित्झर्लंडच्या वकिलातीतून चालतं. यंदा एप्रिलपासून ओमान अमेरिका आणि इराणला समोरासमोर बसवायची खटपट करत होता. 15 जूनला मस्कतला सहावी बैठक ठरलेली होती, हल्ल्यामुळे ती बारगळली. ओमानला या सगळ्याची एवढी कळकळ का? होर्मुझमधून बोटींनी जायची आणि यायची वाट त्यांच्याच पाण्यातून आहे, मुसंदमच्या टोकाजवळून. आग लागली तर त्यांच्या अंगणात.

घरी करायचं काम एकच, आणि ते आज कर. एका कागदावर लिही: भावाचा पासपोर्ट नंबर, सीडीसी (खलाशाचं सरकारी पुस्तक) नंबर, इंडॉस (खलाशांच्या सरकारी नोंदीतला) नंबर, बोटीचं नाव आणि आयएमओ नंबर (बोटीचा कायमचा ओळख नंबर; नाव बदलतं, आयएमओ नंबर जन्मभर तोच), झेंडा, जॉइन झाल्याची तारीख आणि बंदर, मॅनिंग एजन्सीचा आरपीएसएल (खलाशी भरतीच्या परवान्याचा) नंबर, नॉमिनी कोण. कॉन्ट्रॅक्टची प्रत जोड. वाईट वेळ आलीच तर हाच कागद मुंबईला डीजी शिपिंगच्या (सरकारच्या जहाज खात्याच्या) चोवीस तास चालणाऱ्या कक्षाला आणि परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर एकाच वेळी जायला हवा. वकिलातीतला अधिकारी इराणी अधिकाऱ्यासमोर बसतो तेव्हा त्याच्या हातात नावांची यादी असते. त्या यादीत तुझ्या भावाचं नाव, स्पेलिंगसकट, बरोबर असलं पाहिजे. एजन्सीला फोन करू नको, ईमेल कर. लेखी विचारलं की लेखी उत्तर द्यावं लागतं.

आईला एक सांग. फोन आला की 'परत ये' म्हणून रडायचं नाही. जेवलास का, झोप होते का, एवढंच. रात्री बारा ते चार वॉच करणाऱ्या पोराच्या डोक्यात घरचं रडणं राहिलं की त्याचं लक्ष उडतं.

रत्नागिरी_सेकंड_इंजिनिअर | 19 जून, दुपारी 1:05

सारंगकाकांनी बहुतेक सगळं सांगितलंय. नाही म्हणण्याबद्दल मी लिहितो.

हो, नाही म्हणता येतं. एमएलसी 2006 नावाचा खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने तो 2015 मध्ये मान्य केला. बोट युद्धक्षेत्रात निघाली असेल आणि खलाशाची तिथे जायला संमती नसेल, तर त्याला घरी पाठवण्याची तरतूद त्यात आहे. फक्त 'युद्धक्षेत्र' कशाला म्हणायचं ते देशाच्या कायद्यावर, कॉन्ट्रॅक्टवर किंवा युनियनच्या करारावर ठरतं. आयबीएफचा (खलाशांच्या युनियन आणि जहाज कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय मंचाचा) करार लागू असेल तर त्यांनी जाहीर केलेल्या भागात नकाराचा हक्क मिळतो, आणि गेलात तर तेवढ्या दिवसांचा बेसिक (मूळ पगार) दुप्पट आणि अपघाताची भरपाईही दुप्पट. कोणता भाग यादीत आहे ते परिस्थितीप्रमाणे बदलतं. आज काय स्थिती आहे ते नुसी किंवा एमयूआय या आपल्या खलाशांच्या युनियनना विचारा, त्याच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये युनियनचं नाव असेल.

नोकरीबद्दल खरं सांगतो. कागदावर नकाराची शिक्षा नाही. काही एजन्सी मात्र मनात ठेवतात, पुढच्या वेळी 'व्हेकन्सी नाही' म्हणून झुलवतात. म्हणून नकार असो की होकार, कॅप्टनला लेखी द्यावा आणि फोटो घरी पाठवावा.

म्हसळा_कुवेत | 19 जून, रात्री 9:30

ताई, तुमच्या अम्मीला माझा सलाम सांगा. मी तेव्हा सातवीत होते.

2 ऑगस्ट 1990 ला इराकने कुवेत घेतलं तेव्हा अब्बा तिथे एका गॅरेजमध्ये कामाला होते. आमच्या भागातल्या कित्येक घरांतली कमावती माणसं तिथेच. फोन बंद, बँका बंद. इराकने कुवेती दिनार इराकी दिनारच्या बरोबरीचा करून टाकला, म्हणजे वर्षानुवर्षं साठवलेला पैसा एका फर्मानात मातीमोल. अम्मीने महिनाभर चूल पेटवली ती फक्त आमच्यासाठी.

तेव्हाचे परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दामला भेटले. त्यांनी मिठी मारली त्याचा फोटो छापून आला आणि त्यावरून त्यांना किती बोल लावले गेले! मी मोठी झाल्यावर ते सगळं वाचलं. त्या भेटीनंतर रस्ता मोकळा झाला, हे आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही. अब्बा बसने बसरा, बगदाद आणि तिथून जॉर्डनला गेले. अम्मानच्या बाहेर तंबूत राहिले, पाण्याच्या एका बाटलीसाठी रांग. मग एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. 59 दिवसांत 488 फेऱ्या झाल्या आणि लाखाहून जास्त माणसं परत आली.

सारंगचाचा कागद म्हणतात ते शंभर टक्के बरोबर. अब्बांचा पासपोर्ट मालकाकडे अडकलेला होता, पण सिव्हिल आयडी त्यांनी चामड्याच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला शिवून आणला होता. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाचे फॉर्म आले. इराकच्या तेलाच्या पैशातून, कुवेत सोडावं लागलेल्या प्रत्येकाला ठरावीक रक्कम. अब्बांना ती मिळाली. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एका चाचांकडे तिथे राहिल्याचा एकही पुरावा नव्हता, ते खेटे घालून थकले.

डहाणू_किनारा | 20 जून, सकाळी 11:20

इकडे आमच्या तालुक्यातली पोरं ओखा आणि पोरबंदरच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातात. त्यातली काही कराचीच्या मलीर तुरुंगात आहेत. समुद्रात रेघ ओढलेली नसते. कच्छजवळच्या सर क्रीक खाडीचा वाद मिटलेला नाही, त्यामुळे त्या पाण्यात हद्द कुठे संपते यावर दोन्ही देशांचंच एकमत नाही. मासळीमागे जाळं ओढताना खलाशाला ते कसं कळणार?

सांगायचं म्हणजे, 21 मे 2008 ला भारत आणि पाकिस्तानने एक करार केला. दर वर्षी 1 जानेवारीला आणि 1 जुलैला दोघांनी आपापल्या तुरुंगातल्या समोरच्या देशाच्या माणसांची यादी द्यायची. यंदाच्या 1 जानेवारीला पाकिस्तानने 217 मच्छीमार आणि 49 इतर कैदी आपले असल्याचं कळवलं, आपण त्यांचे 81 मच्छीमार आणि 381 इतर. पहलगामनंतर अटारी बंद, व्हिसा बंद, टपाल बंद, आकाश बंद. 7 ते 10 मे दरम्यान काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आता 1 जुलै अकरा दिवसांवर आली आहे आणि आमच्याकडच्या बायका एकच विचारतात, यादी येणार का. आली की इथे लिहितो.

वेळणेश्वरची_ताई | 22 जून, रात्री 11:10

सगळ्यांचे आभार. कागद तयार केला. एजन्सीला ईमेल केला आणि दुसऱ्या दिवशी खरंच सविस्तर उत्तर आलं, बोटीची जागा, कॅप्टनचा निरोप, सगळं.

पण आज अमेरिकेनेही इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. फोर्डो, नतान्झ, इस्फहान. आणि इराणच्या संसदेने होर्मुझ बंद करायला पाठिंबा दिला असं सगळीकडे चालू आहे. बोट आत असताना बंद केलं तर ही माणसं आत कोंडली जातील ना? काका, तुम्ही जागे असाल तर लिहा.

सारंग_दाभोळ | 22 जून, रात्री 11:50

जागा आहे गो.

संसदेच्या मतावर होर्मुझ बंद होत नाही. तो निर्णय त्यांच्या सर्वोच्च राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचा. दुसरं, इराणचं स्वतःचं तेल खार्ग बेटावरून भरतं आणि याच वाटेने बाहेर पडून बहुतेक सगळं चीनला जातं. ते दार लावायचं म्हणजे स्वतःच्या घराचं लावायचं. इराकशी आठ वर्षं लढले, टँकर जाळले, सुरुंग पेरले, तरी वाहतूक पूर्ण थांबली नाही. उद्या काय होईल याची हमी मी देत नाही, कुणीच देऊ नये. पण आज संध्याकाळपर्यंत बोटी ये-जा करतायत. आणि आपल्या पंतप्रधानांचं आज इराणच्या राष्ट्राध्यक्षांशी फोनवर बोलणं झालंय. परवा इराणने आपल्या विद्यार्थ्यांच्या विमानांसाठी मशहदहून आकाश उघडून दिलं, बाकी सगळ्यांसाठी बंद असताना. बोलणं चालू आहे, त्यावर भरवसा ठेव आणि झोप.

वेळणेश्वरची_ताई | 25 जून, दुपारी 4:20

काल शस्त्रसंधी झाली आणि आज सकाळी भावाचा फोन आला. अर्धा तास बोलला. बोट अजून फुजैराबाहेरच आहे, उद्या आत निघणार.

त्याने जे सांगितलं ते लिहिते, कारण इतरांना उपयोगी पडेल. 20 तारखेला कॅप्टनने मेसरूममध्ये सगळ्यांना बसवून एकेक कागद दिला: आत जायला संमती आहे किंवा नाही, सही करा. दोन फिलिपिनोंनी नाही लिहिलं. कॅप्टन त्यांना एक शब्द बोलला नाही, लाँचने फुजैराला उतरवून घरी पाठवलं. भावाने हो लिहिलं. आतल्या दिवसांचा बेसिक दुप्पट देऊ, असं कंपनीने लेखी दिलंय. मला आधी रागच आला, शस्त्रसंधी व्हायच्या चार दिवस आधी हा सही करून मोकळा झाला आणि आम्हाला पत्ता नाही. तो म्हणाला, घरी विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, आणि मला ते मोडवलं नसतं. आईने ऐकून घेतलं. मग विचारलं, जेवलास का.

सह्या केलेल्या कागदाचा फोटो त्याने पाठवलाय. तो मी बाकीच्या कागदांत लावला. पलीकडच्या वाडीतल्या एका मावशींचा मुलगा गॅस कॅरियरवर कॅडेट आहे, त्यांनाही हा कागद भरून दिला. आयएमओ नंबर त्यांना कुणी सांगितलाच नव्हता.

डहाणू_किनारा | 1 जुलै, संध्याकाळी 7:45

यादी झाली. दिल्ली आणि इस्लामाबादमध्ये आज एकाच वेळी दिली गेली. पाकिस्तानने 193 मच्छीमार आणि 53 इतर कैदी कळवलेत, आपण त्यांचे 81 मच्छीमार आणि 382 इतर. ज्यांची शिक्षा पुरी झालीय त्यांना लवकर सोडा असं आपल्या सरकारने पुन्हा मागितलंय. तालुक्यातली कोणती नावं आहेत ते अजून कळलेलं नाही. उद्या दोन घरच्या लोकांना घेऊन पालघरला कलेक्टर ऑफिसात जातोय. सारंगकाकांनी सांगितल्यासारखा कागद दोन्ही घरांचा तयार आहे, पण खलाशांकडे सीडीसी नसते, म्हणून आम्ही ट्रॉलरचा रजिस्ट्रेशन नंबर, आधार आणि मच्छीमार ओळखपत्र लावलंय. आणखी काय लावावं, कुणाला माहीत असेल तर आज रात्रीच सांगा.